अक्षरी सहा मे

एका निर्दोष माणसाच्या माथी मी माझी चूक जाऊ दिली. आणि ती चूक मी सांभाळून घेतली असे समजून त्याने माझे आभार मानले, तेव्हा ते आभारही मी मुकाट्याने घेतले. वीस वर्षे हे मी कुणालाही सांगितले नव्हते. पत्नीला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडताना इतर अनेक गोष्टींची कबुली दिली असेल, हिची दिली नाही. देवाला ती ठाऊक असणारच, अशी सोयीची समजूत मी करून घेतली होती.

मी हळू आवाजात बोलणारा माणूस आहे. आमच्या भागात माणसे मोठ्याने बोलतात. बांधावरून बांधावर हाक घालायची सवय घरातही सुटत नाही. त्यामुळे माझ्या बोलण्याचे लहानपणापासून कौतुक होत आले. 'किती सबुरीचा माणूस आहे,' असे पाहुणे म्हणत. हळू बोलणाऱ्याला नम्र समजले जाते. त्या आवाजामागे माणूस किती सहज लपून राहू शकतो, हे माझ्याइतके थोड्यांना कळले असेल.

तेव्हा मी तिशी नुकतीच ओलांडली होती. जुन्या जालन्यात एका अडत दुकानाच्या माडीवर माझी दोन संगणकांची खोली होती. खाली दिवसभर पोती उतरत. त्यांची धूळ कीबोर्डच्या फटींत जाऊन बसे, आणि आठवड्यातून एकदा तो उलटा करून थोपटला की टेबलावर ज्वारीचा भुसा पडे. लोकांचे बायोडेटा टाइप करणे, लग्नाच्या याद्या छापून देणे ही माझी रोजची कामे. उरलेल्या वेळात एका जाड इंग्रजी पुस्तकावरून मी वेबसाइट बनवण्याची भाषा शिकत होतो. शिकत होतो म्हणजे पुस्तकातल्या ओळी पाहून उतरवत होतो. उतरवलेली ओळ चालली, की ती मला समजली असे मी धरून चालत असे.

पहिले मोठे काम मिळाले ते नव्या जालन्यातल्या एका शिक्षणसंस्थेचे. संस्थेच्या सचिवांना त्यांच्या पुण्याच्या व्याह्यांनी विचारले होते, "तुमची वेबसाइट नाही?" तो प्रश्न सचिवांच्या मनाला लागला होता. "बोर्डावर जी सूचना लागते ती पुण्यातून दिसली पाहिजे," एवढीच त्यांची मागणी. मी त्यांना सूचनांचे एक पान बनवून दिले. एका बाजूला एक साधा फॉर्म. त्यात मजकूर आणि तारीख भरली, की दुसऱ्या बाजूला ती सूचना पानावर दिसे.

तो फॉर्म भरण्याचे काम संस्थेच्या टायपिस्टकडे आले. त्यांना सगळे काका म्हणत. वय साठीला टेकलेले. सकाळी तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या मशीनवर ते प्रतिज्ञापत्रे आणि खरेदीखते टाइप करत. दुपारनंतर संस्थेत येत. मशीनच्या खडखडाटाने त्यांचे कान थोडे जड झाले होते. त्यांचे वडील निजामाच्या काळात त्याच कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देत, उर्दूत. त्या काळी एका अर्जावर तीन-तीन तारखा पडत, महसुली वर्षाची फसली, हिजरी आणि इंग्रजी; आणि प्रत्येक तारीख आधी आकड्यांत, मग अक्षरांत. कागद ओला झाला, वाळवीने खाल्ला, कुणी आकड्यावर पेन फिरवला, तरी अक्षरांतली तारीख साक्ष देईल, हा त्यामागचा विचार. काकांनी तीच शिस्त मराठी टायपिंगमध्ये आणली होती. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदावर 'दि. अमुक, अक्षरी अमुक' अशी तारीख असे. कचेरीतले वकील गमतीने म्हणत, की काका चहाचे पैसे देतानासुद्धा 'अक्षरी दोन रुपये' म्हणतात.

मी फॉर्म समजावून सांगत होतो, तेव्हा सचिवही शेजारी बसले होते.

"सर, ह्यात अक्षरी कुठं लिहायचं?" काकांनी विचारले.

"कशाचं?"

"तारखेचं."

"त्याची गरज नाही काका. दिवस, महिना, वर्ष, या तीन चौकटी. बस."

"मंग चुकली तर कळंल कसं?"

"कॉम्प्युटर चुकत नसतो," मी म्हणालो. तेव्हा मी हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणत असे.

काकांनी चष्मा वर केला. "आकडा लंगडा असतो सर. अक्षराची काठी दिल्याबगर त्याला उभं करू न्हाई."

सचिव हसले. "काका, टाइपरायटर तुमची पहिली, ही दुसरी. दोघींना नांदवा आता. पहिलीच्या सवयी हिला नका लावू."

काकाही हसले. "दोघी नांदत्यात हो साहेब. मधल्या माणसाचं काय होतं ते बघा."

मग मी त्यांना फॉर्ममधली शेवटची चौकट दाखवली. तिला मी 'शेरा' असे नाव दिले होते. सचिवांना पुढेमागे काही टीप ठेवायची असेल तर असावी म्हणून. तिच्यातले काहीही पानावर दिसत नसे. "ही रिकामी सोडायची," मी सांगितले. काकांनी मान हलवली.

इथे मला माझ्या कामाबद्दल थोडे सांगावे लागेल. त्या भाषेत तारीख पानावर दाखवण्यासाठी एक छोटी ओळ लिहितात, आणि तारीख कोणत्या क्रमाने दिसावी हे तीन इंग्रजी अक्षरांनी ठरते. डी म्हणजे दिवस, एम म्हणजे महिना, वाय म्हणजे वर्ष. ज्या क्रमाने अक्षरे लिहाल त्या क्रमाने तारीख दिसते. माझे पुस्तक अमेरिकेत छापलेले होते. तिकडे महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. पुस्तकातल्या नमुन्यात एम आधी होता, डी नंतर. मी ओळ उतरवली तशी ती उतरली.

पान तयार झाल्यावर मी चाचणी घेतली. चाचणी म्हणजे त्या दिवसाची तारीख टाकून पाहिली. योगायोगाने त्या दिवशी चार एप्रिल होता. पडद्यावर शून्य चार, शून्य चार असे आले. महिना आधी असो की दिवस, चार एप्रिल दोन्हीकडून सारखाच दिसतो. मी समाधानाने चहा मागवला.

आणखी एक गोष्ट मला पुढे कळली, आणि ती मला अधिक लागली. त्याच ओळीत एम हे अक्षर लहान लिहिले तर महिना आकड्यांत येतो. मोठे लिहिले तर महिन्याचे नाव येते, अक्षरांत. शिफ्टची कळ दाबून ठेवली असती, तर काकांची काठी त्या भाषेत आधीपासून होतीच. पुस्तकाच्या त्याच पानावर, चार ओळी खाली, तसे लिहिलेही होते. मी चार ओळी खाली वाचले नव्हते.

पानावर पहिली सूचना पडली ती शिक्षिकेच्या एका जागेची. मुलाखत सहा मे रोजी, सकाळी अकराला. काकांनी ती बोर्डासाठी मशीनवर टाइप केली आणि मग फॉर्ममध्ये भरली. ती पानावर कशी दिसते हे उघडून पाहणे माझे काम होते. मी पाहिले नाही. मुलाखती झाल्या, एका बाईंची निवड झाली. मे महिना गेला.

पाच जूनला सकाळी मी प्रवेशाच्या पानांबद्दल बोलायला सचिवांच्या खोलीत बसलो होतो. प्रवेशाचे दिवस म्हणून काकाही त्या आठवड्यात सकाळीच संस्थेत येत; ते खिडकीशी संस्थेच्या मशीनवर होते. साडेदहाच्या सुमारास दारात एक मुलगी आणि तिचे वडील उभे राहिले. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, हातात प्लॅस्टिकची फाइल. वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर इस्त्रीच्या घड्या उभ्या होत्या. भोकरदनच्या पलीकडच्या एका खेड्यातून ते पहिल्या गाडीने आले होते.

"मुलाखतीला आलोत साहेब," वडील म्हणाले. "अकराचा टाइम हाय. आम्ही जरा जल्दीच आलो."

"कसली मुलाखत?" सचिवांनी विचारले. "मुलाखती होऊन महिना झाला. बाईंना ऑर्डर देऊन झाली."

मुलीने एकदा वडिलांकडे पाहिले. "आज पाच जून आहे ना सर?"

"आहे ना. मग?"

तिने फाइलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. आमच्या पानाचा छापील कागद होता तो.

"पोरीनं सवता वाचलंय साहेब," वडील सांगू लागले. "भोकरदनला, त्या इंटरनेटवाल्याकडं. मी भाईर उभा होतो. ती आली आन् म्हनली, बाबा, येकच जागा हाय, पण आपून जाऊ. तवापून रोज तयारी करून राह्यली."

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. तो कागद मला उलटा दिसत होता, तरी मी एका नजरेत वाचला. शून्य पाच, शून्य सहा. आणि त्याच क्षणी मला चार एप्रिलचा चहा आठवला. मला काहीही शोधावे लागले नाही, काहीही तपासावे लागले नाही. पुस्तकातली ती ओळ, तिच्यातला आधीचा एम आणि नंतरचा डी, डोळ्यांपुढे उभी राहिली. मी हे आवर्जून लिहितो आहे, कारण पुढे अनेक वर्षे मी स्वतःला सांगत आलो की त्या वेळी मला खात्री नव्हती. मला खात्री होती.

सचिवांनी शिपायाला सांगून बोर्डावरच्या सूचनेची फाइल मागवली. मशीनवर टाइप केलेला कागद निघाला: 'दि. ६ मे, अक्षरी सहा मे.' त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"बोर्डावर बरोबर, कॉम्प्युटरवर उलटी. म्हणजे टाकताना उलटी पडली." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "काका, इकडं या जरा."

काका आले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मी सहा पाच टाकली होती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "टाकली होती ना?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"सर, येकदा शेऱ्यात बघता का?"

"शेरा पानावर येत नाही काका," मी म्हणालो.

ते खरेच होते. त्या दिवशी मी जे जे बोललो ते शब्दशः खरे होते. आजही माझ्या कानांत बसले आहे ते त्यातले पुढचे वाक्य.

"सर, तुम्हीच सांगा," सचिव म्हणाले. "कॉम्प्युटर असं आपणहून उलटं करतो का?"

पंखा फिरत होता. मुलीच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि काका सर्वांत जास्त आशेने.

"कॉम्प्युटर करत नाही," मी म्हणालो. "पण वयाप्रमाणं होतं असं कधी. काकांना काही बोलू नका."

मी हे नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो. खोलीतल्या प्रत्येकाला वाटले की मी मोठ्या मनाने म्हाताऱ्याची बाजू घेतली.

काका मागे सरले. "गलती झाली साहेब," एवढेच म्हणाले.

मुलगी म्हणाली, "माझंच चुकलं. फोन करून विचारायला पाहिजे होतं."

"फोन कशापायी करायचा?" वडील तिच्यावरच चिडले. "छापील कागद हातात आस्ताना फोन करतंय का कुनी?" मग सचिवांकडे वळून, आवाज खाली आणून, "दुसरी जागा निघंल का साहेब यंदा?"

"पुढच्या वर्षी बघू," सचिव म्हणाले.

तिने फाइल बंद केली. बापलेक गेले. कागद टेबलावरच राहिला. सचिव उठल्यावर मी त्याची घडी घातली, खिशात टाकला, आणि परत येताना कुंडलिका नदीच्या पुलावरून खाली सोडून दिला. माडीवर येऊन मी ती ओळ उघडली. एम आणि डी यांच्या जागा बदलल्या. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अडत दुकानाचा जिना चढून वर आले. तो जिना उभा होता; वर आल्यावर थोडा वेळ ते दार धरून उभे राहिले.

"सर, आज शिपायाकडून पान उघडून घेतलं. बराबर दिसून राह्यलं. सहा पाच." त्यांच्या चेहऱ्यावर काल गेलेला रंग थोडा परत आला होता. "म्हणजे मी टाकली ती बराबरच होती की काय?"

काल माझ्यापुढे सचिव होते, काम जाण्याची भीती होती, चारचौघांत तोंडघशी पडण्याची लाज होती. त्या सकाळी खोलीत आम्ही दोघेच होतो. एक 'हो' पुरला असता.

"मी दुरुस्त केली काका," मी म्हणालो. "काल इथं आल्याबरोबर."

"तुम्ही केली." त्यांनी मान हलवली, दोनदा. "मंग माझ्याच हातानं गेली होती."

मी कीबोर्डवरचा भुसा झटकू लागलो.

"उपकार झाले सर. साहेबांपुढंबी तुम्ही सांभाळून घेतलं. दुसऱ्यानं बोल लावला असता." त्यांनी पिशवीतून चार गावरान आंबे काढून माझ्या टेबलावर ठेवले. ते आंबे मी घरी नेले. आम्ही ते खाल्ले. गोड होते, असे पत्नी म्हणाल्याचे मला आठवते.

त्यानंतर काय झाले ते मी लांबून पाहिले, आणि लांबून पाहण्याची मी काळजी घेतली. सचिवांनी नियम केला, की काकांनी भरलेली तारीख दुसऱ्या कारकुनाने तपासल्याशिवाय पानावर जाणार नाही. 'कॉम्प्युटर चुकत नसतो,' हे माझे वाक्य त्या ऑफिसात आता काकांना ऐकवले जाई. कुणी रागाने नव्हे, गमतीने. काका शिपायालाही विचारू लागले, "हा सहा हाय का नऊ, बघ रे जरा." कचेरीसमोरच्या शेडमध्येही ते कागद टाइप करून झाल्यावर पक्षकाराकडून तारीख मोठ्याने वाचून घेत. ज्या माणसाची तारीख कोर्टात कुणी पुन्हा तपासत नसे, तो स्वतःच ती तीनदा तपासू लागला. दीड-दोन वर्षांत त्यांनी संस्था सोडली, मग शेडमधली जागाही सोडली, मशीन विकले आणि जांब समर्थला लेकीकडे राहायला गेले. जाण्यापूर्वी ते मला भेटून गेले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो, आणि खाली पोती उतरत होती म्हणून आणखी दोन मिनिटे ते माझ्याशेजारी उभे राहिले. तेव्हाही मी बोललो नाही.

माझे मात्र बरे चालले. त्या संस्थेच्या शिफारशीवर आणखी कामे आली. पुढे मी नव्या जालन्यात क्लास काढला आणि तीच भाषा मुलामुलींना शिकवू लागलो. तारखेच्या धड्याला मी हटकून सांगत असे, "महिना आकड्यांत दाखवू नका. मोठा एम लिहा. वाचणाऱ्याला शंका राहू देऊ नका." एवढ्याशा गोष्टीवर सर दोन तास घालवतात, म्हणून मुले आपसांत हसत. मी त्याला माझे प्रायश्चित्त समजत असे. ज्याचा अपराध केला त्याला सोडून इतर सर्वांपुढे घेतलेले प्रायश्चित्त फार स्वस्तात पडते.

आणि मन मोठे हुशार असते. दहा-बारा वर्षांनी मला खरोखरच वाटू लागले होते, की कदाचित काकांनीही तारीख उलटी टाकली असेल; वय झाले होते, नजर कमी होती. कदाचित दोन्ही चुका एकदमच झाल्या असतील. दोन चुका एकदम झाल्या असत्या तर तारीख सुलटी दिसली असती, हे मी वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकलो असतो. स्वतःपुढे केले नाही.

गेल्या वर्षी संस्थेने नवी वेबसाइट करायला घेतली. जुन्या सूचनांची सगळी नोंद काढून द्या, असा निरोप आला. मी जुनी फाइल उघडली. पहिलीच नोंद ती होती. वर्ष, महिना, दिवस. महिन्याच्या जागी पाच, दिवसाच्या जागी सहा. काकांनी टाकली तशी, वीस वर्षे, जागच्या जागी.

त्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात काही वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होती. तो शेऱ्याचा रकाना. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आता असेच दिसते; तो फॉन्ट लावल्याशिवाय वाचता येत नाही. रिकामा असायला हवा होता तो रकाना. एका जुन्या सीडीवरून मी तो फॉन्ट शोधून लावला.

'अक्षरी सहा मे.'

मी नको म्हटले होते, म्हणून त्यांनी ती काठी शेऱ्यात लपवून ठेवली होती. 'येकदा शेऱ्यात बघता का,' असे त्यांनी त्या दिवशी विचारले होते ते याचसाठी, आणि मी बघितले नव्हते. कारण मला बघायची गरज नव्हती. मी खाली खाली वाचत गेलो. प्रत्येक सूचनेपुढे तेच. 'अक्षरी दहा जुलै.' मग, 'अक्षरी दोन ऑगस्ट. दोनदा तपासले.' पुढच्या पावसाळ्यात, 'तीनदा तपासले.' एका नोंदीत, 'शिपायाकडून वाचून घेतले, बरोबर आहे.' आणि मग नोंदी दुसऱ्या कुणाच्या हाताच्या होत्या आणि शेरा रिकामा होता.

त्या मुलीलाही मी शोधले. तिचे नाव मी त्या दिवशी विचारले नव्हते. मुलाखत झालीच नाही, त्यामुळे संस्थेत तिचा अर्जही नाही. भोकरदनच्या पलीकडे खेडी पुष्कळ आहेत. आज ती चाळिशी ओलांडलेली बाई असेल. आपण एक तारीख चुकीची वाचली, असे ती कदाचित अजून समजत असेल. तिचे मी काहीच करू शकलेलो नाही. हे इथे लिहून ते हलके होईल अशी माझी अपेक्षा नाही.

पहिल्या नोंदीचा कागद छापून मी ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तिथे तीन महिने पडून होता. काका गेले असतील, अशी एक ओंगळ आशा मनात होती, हेही सांगून टाकतो. मग कचेरीसमोरच्या शेडमधल्या एका टायपिस्टने सहज सांगितले, "काका? हायेत की. ऐकू बिलकुल येत न्हाई, पण ठणठणीत हायेत."

एका रविवारी सकाळी मी जांबला गेलो. समर्थांच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विचारले, तर एका पोराने घर दाखवले. अंगणात तीन-चार बाया तूर निवडत बसल्या होत्या. ओट्यावर खुर्चीत काका होते. देह लहान झाला होता. हात मात्र तेच, लांब बोटांचे. त्यांनी मला ओळखले.

"सर? या, या. बसा." ते लेकीला म्हणाले, "आगं, हे जालन्याचे सर. फार भला माणूस. मागं माझी चूक झाल्ती, तर ह्यांनी सांभाळून घेतल्ती."

मी त्यांच्या पायांशी बसलो. रस्ताभर मी वाक्ये जुळवत आलो होतो. मऊ, नीट तोललेली वाक्ये. ती मी वर पाहत, नेहमीच्या हळू आवाजात म्हटली. सगळी म्हटली. काका माझ्या तोंडाकडे पाहत हसत राहिले.

"काय म्हणून राह्यले हे?" त्यांनी लेकीला विचारले.

"त्यांला ऐकू येत न्हाई भाऊ," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला. अजून मोठ्यानं. अंगण ऐकंल आसं बोलावं लागतं."

मी आयुष्यात कधी अंगण ऐकेल असे बोललो नव्हतो. मी उभा राहिलो.

"काका! ती तारीख तुमची चुकली नव्हती!"

बायांचे हात थांबले. रस्त्याने देवळाकडे चाललेले दोघे वळून पाहू लागले.

काकांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू कमी झाले. ते खुर्चीत पुढे झुकले आणि त्यांनी कानामागे हात धरला. पक्षकाराला विचारावे तसे त्यांनी विचारले, "कोणती तारीख? नीट सांगा."

मी खिशातला कागद काढला. तो वाचायची मला गरज नव्हती.

"दिवस सहा, महिना पाच!" मी ओरडलो. "अक्षरी सहा मे! तुम्ही बरोबर टाकली होती काका. शेऱ्यातसुद्धा लिहून ठेवली होती. उलटी मी केली. मला तेव्हाच कळलं होतं, त्या खोलीतच, आणि मी तुमच्यावर जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जिना चढून आलात, तेव्हा खोटं बोललो. चूक माझी होती. तुमची नव्हती, कधीच नव्हती. मला माफ करा काका."